दादाच्या पायाखालचा ब्रेक

माझा दादा ओरडायचा तेव्हा मला तो जास्त बरा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. ओरडणं सोडल्यापासून तो भला माणूस झाला असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण मधले काही महिने त्याच्या त्या भलेपणाने माझा पार बट्ट्याबोळ केला होता. तो कसा, हे माझ्याइतकं नीट दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

दादा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. टायरच्या दुकानाला लागून त्याची एक खोली आहे. आत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता. बाहेर छोटी पांढरी गाडी. या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसे शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने आपल्या बाजूने दाबायचं, की गाडी थांबते. दोन्हीकडची पेडलं आतून एकमेकांना जोडलेली असतात. या बाजूने दाबलं की त्या बाजूचंही खाली जातं.

पूर्वी दादा तो ब्रेक क्वचितच दाबायचा. त्याचं काम आवाजाने भागायचं. विद्यार्थी त्याला पाठीमागे ‘तोफ’ म्हणायचे. बँकेतला एक साहेब भर चौकात, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला होता. पण दादाच्या हाताखालून गेलेला माणूस परीक्षेत नापास होत नसे, म्हणून लोक जीव मुठीत धरून का होईना, त्याच्याकडेच यायचे. घरी त्याने मला ‘ठिणगी’ नाव ठेवलेलं आहे. म्हणजे घराण्यात दारूगोळ्याची कमी नाही.

बदल झाला तो एका मुलीमुळे. नर्सिंगला शिकणारी, हडकुळी, हळू बोलणारी मुलगी होती. दादाने तिला वळणावर असं काही झापलं की तिने गाडी नीट बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “काका, तुम्ही माझ्यावर नाही ओरडत. कोणावर ओरडताय ते मला माहीत नाही, पण ती मी नाही.” आणि चालत घरी गेली. दादा त्या रात्री जेवला नाही. वहिनीने विचारलं तर म्हणाला, “मी कोणावर ओरडत होतो, ते मलाही माहीत नाही गं.” तीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याकडून असलं काही ऐकायची सवय नव्हती. ती घाबरली आणि दुसऱ्या दिवशी त्याला गुरुजींच्या वर्गाला घेऊन गेली.

गुरुजी म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर. शाळेनेच त्यांना संध्याकाळी एक वर्ग दिलेला आहे. तिथे ते यम-नियम शिकवतात. हिंसा नको, खोटं नको, दुसऱ्याचं घ्यायला नको, हाव नको. आणि शरीर धुतो तसं मनही रोज धुवायचं. मोठमोठी माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली असतात. फळ्यावर कधी कधी दुपारची बेरीज-वजाबाकी तशीच राहिलेली असते. चमत्कार नाही, अंगारा नाही, गुरुजींचा फोटोसुद्धा कुठे लावलेला नाही. मला हे सगळं आवडण्यासारखं होतं, पण तेव्हा मी मुद्दाम आवडून घेतलं नाही.

दादाला मात्र ते लागू पडलं. तो पहाटे उठून पुढच्या खोलीत चादरीची घडी टाकून मांडी घालून बसायला लागला. तेवढा वेळ वहिनीला मिक्सर लावायची बंदी आणि मला शिंकायची. संध्याकाळी दिवा लावला की पाच-दहा मिनिटं गप्प बसून, दिवसभरात आपलं मन कुठे कुठे गढूळ झालं ते आठवायचा. राग आला की त्याच्या उलट भाव मनात आणायचा, देवाचं नाव घ्यायचं, आणि बोलण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. हे खरं आहे का, याने समोरच्याचं भलं होईल का, आणि हे न दुखावता सांगता येईल का? गुरुजींनी ते फळ्यावर लिहून दिले होते. दादाने ते घड्याळाखाली चिकटवले.

त्याला हे सोपं गेलं नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दुधाची पिशवी फुटली, समोरच्याने दाराला लागून गाडी लावली, वहिनीने त्याचा चष्मा चुकून कपड्यांत धुतला, प्रत्येक वेळी त्याच्या मानेची शीर टरारून फुगायची, ओठ हलायचे, आणि मग तो म्हणायचा, “हरकत नाही.” चष्म्याच्या वेळी तर त्याला घाम फुटला होता. मी हसले, पण मनातून मला त्याचं कौतुक वाटलं. साठीच्या उंबरठ्यावर स्वतःला बदलायला निघालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. “वन्सं, दृष्ट लागेल हो, बोलू नका कोणापाशी,” वहिनी मला म्हणायची, आणि स्वतः अख्ख्या गल्लीला सांगून यायची.

आता माझं. मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होते, तो बंद पडला. नवरा गेल्यापासून दादाच्या मागच्या खोलीत राहते. तिथे मला कोणी कधी वाकडा शब्द बोललं नाही, पण आपल्या कुलपाची किल्ली आपल्या कमरेला असावी असं पन्नाशीच्या बाईला वाटलं, तर त्यात वावगं काय? ज्येष्ठांच्या डे केअर केंद्राला व्हॅनसाठी ड्रायव्हर हवा होता. सकाळी म्हाताऱ्या माणसांना घरून आणायचं, संध्याकाळी पोचवायचं. त्यांचा जुना ड्रायव्हर निवृत्त होणार होता. केंद्राच्या बाई मला ओळखत होत्या. म्हणाल्या, “महिनाअखेर लायसन्स घेऊन या, काम तुमचं. वर राहायला एक खोलीही आहे.”

घरी येऊन मी दादाला म्हटलं, “शिकव.”

दादाने शिकवलं. काय गोड शिकवलं! मी गिअर चुकीचा टाकला तर “छान, आता जरा दुसरीकडे,” आणि मी फुटपाथच्या दिशेने निघाले तर “वा, हात हलका आहे तुझा.” पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर मोठमोठ्यांची गाडी मागे घसरते म्हणतात, माझी एकदाही घसरली नाही. क्लच इतका हलका की पायाखाली आपोआप खाली जातोय असं वाटायचं. मला वाटलं, पाय सरावला. मी घरी येऊन वहिनीला सांगायची, “काय बाई लोक बाऊ करतात! शिलाई मशीन चालवण्याइतकं सोपं आहे.” वहिनी म्हणायची, “तुमचा हातच गुणाचा.” या दोघांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर असं चढवलं की वरून मला साऱ्या जगाची टकलं दिसायला लागली.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात केंद्राच्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, आवारातल्या आवारात व्हॅन फिरवून पाहा, म्हणजे अंदाज येईल. जुना ड्रायव्हर शेजारी बसला. त्याला तिथे सगळे कॅप्टन म्हणतात. मागे एक आजी आधीच चढून बसल्या होत्या. त्यांना रोज खिडकीजवळची एकच जागा लागते, आणि ती कोणी पटकावू नये म्हणून त्या घरी निघायच्या तासभर आधीच जाऊन बसतात. “बसू द्या की,” मी ऐटीत म्हणाले. “आवारातच तर फिरायचंय.”

व्हॅन सुरू केली. क्लच दाबायला गेले तर तो दगडासारखा जड. सोडला, आणि गाडीने उडी मारून प्राण सोडला. पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. बाकावर बसलेले आजोबा लोक वर्तमानपत्र खाली ठेवून बघायला लागले. कशीबशी फाटकाजवळच्या चढावर गेले आणि तिथे माझे दोन्ही पाय काय करत होते ते देवालाच ठाऊक. गाडी मागे घसरायला लागली. मला ब्रेक सापडेना. मी नुसतीच स्टिअरिंग घट्ट धरून बसले. कॅप्टनने हँडब्रेक खेचला तेव्हा मागच्या भिंतीत आणि आमच्यात हातभर जागा उरली होती. आजींची पिशवी खाली पडली, त्यातलं सगळं सीटखाली पसरलं. त्यांनी समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

कॅप्टन ओरडला नाही. म्हणाला, “ताई, तुमच्या पायाला क्लच माहीतच नाही. शिकवलं कोणी?”

मी दादाचं नाव सांगितलं.

“तोफेने? शक्यच नाही. त्यांच्या हाताखालचं माणूस असं नसतं.”

केंद्राच्या बाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की परीक्षा झाली की या, मग बोलू. दुसरा एक माणूसही विचारून गेलाय. मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी परतताना बसमध्ये बसून मी माझ्या पायांकडे बघत होते. तो हलका क्लच. पायाखाली आपोआप खाली जाणारं पेडल. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मी घराच्या स्टॉपवर न उतरता टायरच्या दुकानाशी उतरले.

दादा गाडीची काच पुसत होता. मी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. “बस,” मी म्हटलं. तो शेजारी बसला.

“चपला काढ.”

“कशाला गं?”

“काढ. आणि सीटवर मांडी घाल. सकाळी घालतोस तशी.”

त्याला लगेच कळलं. चेहरा उतरला त्याचा. पण त्याने चपला काढल्या आणि त्या छोट्या सीटवर, गुडघे एकीकडे दाराला आणि दुसरीकडे गिअरला टेकवत, कशीबशी मांडी घातली. मी गाडी सुरू केली. उडी. बंद. पुन्हा सुरू. उडी. बंद. टायरवाले काका बाहेर आले. “काय हो, पेट्रोल संपलं का?” त्यांनी विचारलं. मी काच वर केली.

“कधीपासून?” मी विचारलं.

दादा समोर बघत म्हणाला, “पहिल्या चढापासून. तुझी गाडी मागे यायला लागली, आणि माझ्या पोटातून तो जुना आवाज वर आला. मी नाव घेत होतो, उलट भाव आणत होतो, आवाज खाली जाईना. मग माझ्या बाजूच्या पेडलवर पाय दाबला. गाडी थांबली आणि आवाजही थांबला. मला वाटलं, जमलं. मी राग जिंकला.”

“आणि मग?”

“मग सवयच लागली. राग येईलसं वाटलं की पाय दाबायचा. म्हणजे चूक होतच नाही, म्हणजे राग येतच नाही.”

“फक्त माझ्या वेळी?”

त्याने मांडी मोडून पाय खाली घेतले. मग म्हणाला, “सगळ्यांच्याच.”

मला आठवलं, महिन्याभरात त्याचे तीन विद्यार्थी नापास झाले होते. तोफेच्या दुकानात असं कधी घडलं नव्हतं. परीक्षक बदललाय, कडक आहे, असं तो घरी म्हणाला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “म्हणजे तुझं मन स्वच्छ राहावं म्हणून आम्ही अडाणी राहायचं? तू शांत, आणि भिंतीवर आम्ही आपटायचं? मागे एक म्हातारी बाई बसली होती दादा! ओरडला असतास तर बरं झालं असतं. रडले असते, पण ब्रेक तरी सापडला असता!”

त्या संध्याकाळी तो वर्गाला गेला तेव्हा मीही गेले. मला गुरुजींशी भांडायचं होतं. पण मला संधीच मिळाली नाही. दादा बाकावरून उठला, आणि पंधरा-वीस माणसांसमोर त्याने सगळं सांगितलं. पायाचं, माझं, नापास झालेल्या तिघांचं, परीक्षकाच्या नावाने फाडलेल्या पावतीचं. सगळे गुरुजींकडे बघायला लागले. मला वाटलं, आता प्रवचन होणार.

गुरुजी म्हणाले, “तीन प्रश्न दिले होते. तुम्ही तिसराच पाठ केलात. न दुखावता बोललात, पण खरं कुठे बोललात?” मग ते म्हणाले, “माझंही चुकलं. राग येईनासा झालाय असं तुम्ही सांगायचात आणि मी खूश व्हायचो. तो जातो कुठे, ते मी विचारलंच नाही. आता असं करा, राग येऊ द्या. तो आलाय हे नीट बघा, आणि मग जे खरं आहे ते रागाला न विचारता सांगा. पाय मात्र वर ठेवा.”

वर्गात हशा पिकला. दादाही हसला. मी एकटीच तोंड फुगवून बसले होते, पण भांडायला काही शिल्लक राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादाने एकेका विद्यार्थ्याला फोन केले. ते मी दाराआडून ऐकलं, लाजायचं काय त्यात. “चूक माझी होती. पुन्हा या, पहिल्यापासून शिकवतो.” पलीकडून कोणी काय काय बोललं असेल ते त्याच्या मानेच्या शिरेवरून कळत होतं. एकाने तर चांगलीच हजेरी घेतली. दादाने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. या वेळी तो ओठ हलवत नव्हता आणि “हरकत नाही” असंही म्हणाला नाही. शेवटी म्हणाला, “बरोबर आहे तुमचं.”

मग माझं शिक्षण पहिल्यापासून सुरू झालं. दादा चपला दाराशी काढल्यासारख्या गाडीबाहेर काढायचा आणि आत मांडी घालून बसायचा. मोकळ्या मैदानात गाडी नेऊन रोज तास तास. उगीच कौतुक नाही, ओरडणं नाही. “चूक. क्लच अर्ध्यावर धर. परत.” “चूक. आरसा बघितला नाहीस. परत.” मला रडू यायचं तर तो थांबायचा. रडून झालं की म्हणायचा, “परत.” कधी कधी त्याचा राग आलेला मला दिसायचा. तो डोळे मिटायचा, श्वास सोडायचा आणि त्याच आवाजात म्हणायचा, “मला राग आलाय. तुझा वेग जास्त आहे. दोन्ही खरं आहे. वेग कमी कर.” टायरवाले काका म्हणायचे की तुझा भाऊ गाडीत समाधी लावून बसतो आणि तू त्याला हादरे देतेस.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला मागच्या खोलीत बोलावलं. मी कागदपत्रं लावून ठेवली होती, साडीसुद्धा काढून ठेवली होती. मनात केंद्रावरची ती वरची खोली झाडून-पुसून माझ्या सामानाची मांडामांडही झाली होती.

“दादा,” मी म्हटलं, “मी तयार आहे ना?”

तो उभाच राहिला. त्याला काय सांगायचंय ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि तरी मी मनात म्हणत होते, हो म्हण, एवढ्या वेळेपुरतं हो म्हण.

“नाही,” तो म्हणाला. “परीक्षा सपाट रस्त्यावर होते, कदाचित तू पास होशीलही. पण त्या गाडीत म्हातारी माणसं बसणार. चढावर तुला अजून विचार करावा लागतो. नाही गं. अजून नाही.”

मी रात्रभर तळमळले. सकाळी केंद्राच्या बाईंना फोन केला आणि सांगितलं की मी परीक्षा पुढे ढकलतेय, अजून तयार नाही. त्या म्हणाल्या, “मग मला त्या दुसऱ्या माणसाला घ्यावं लागेल हो. थांबता येत नाही आम्हाला.” मी म्हटलं, “घ्या.” फोन ठेवला आणि वहिनीसमोरून उठून खोलीत जाऊन दार लावलं.

थोड्या वेळाने दादा आला. स्टुलावर बसला.

“रागावलीस?”

“हो.”

“माझ्यावर?”

“तुझ्यावर नाही तर कोणावर?”

“मग रागाव. मी बसलोय.”

आणि मी तोंडाचा पट्टा सोडला. इतक्या वर्षांचं सगळं काढलं. की माझ्या नशिबी दुसऱ्याच्या घरातली मागची खोलीच, की तुझी साधना होते आणि भरपाई मी करते, की नवरा गेला तेव्हा तू मला ‘सगळं ठीक होईल’ म्हणालास, काही ठीक झालं नाही. दादाने मला अडवलं नाही. समजूत काढली नाही, वहिनीला चहा आणायला हाक मारली नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. त्याचे डोळे भरले होते. तो जमिनीवर दोन्ही पाय टेकवून नुसता ऐकत बसला. मला तोवर माहीत नव्हतं की कोणी आपलं सगळं असं ऐकून घेतलं की आत किती मोकळं होतं.

बोलून बोलून मी थकले. आणि त्या थकव्यात एक गोष्ट अशी समोर येऊन उभी राहिली की मला दादाचंही भान राहिलं नाही. त्या आजींना काही लागलं होतं का, हे मी एवढ्या दिवसांत कोणालाही विचारलं नव्हतं. माझा अपमान, माझी नोकरी, माझी किल्ली, सगळं मोजून झालं होतं, पण दांड्याला घट्ट धरलेले ते दोन हात मला एकदाही आठवले नव्हते. दादाला ओरडून सांगताना मात्र मी त्या म्हातारीला पुढे केलं होतं.

“दादा,” मी म्हटलं, “मी पण वर्गाला येऊ का?”

“ये,” तो म्हणाला. “बाक लहान आहेत.”

पावणेदोन महिने गेले असतील. टाकीजवळच्या चढावर एक दिवस दादाने मला मुद्दाम मधोमध थांबवलं, मागे ट्रक हॉर्न देतोय, आणि मी गाडी तसूभरही मागे न जाऊ देता पुढे नेली. दादा मांडी घालूनच बसला होता. म्हणाला, “आता दे परीक्षा.” मी दिली, पास झाले. आणि त्याच सुमारास केंद्राच्या बाईंचा फोन आला. तो माणूस काम सोडून चाललाय, वेळेवर येतच नाही. लायसन्स मिळालं असेल तर येऊन भेटा.

मी लायसन्स पर्समध्ये घालून गेले. बाई केबिनमध्ये फोनवर होत्या, म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. तिथेच त्या आजी बसल्या होत्या. त्यांनी मला पटकन ओळखलं.

“गाडी मागे नेणारी ना तू?”

“हो आजी. तेव्हा तुम्हाला काही लागलं का हो? मी विचारायलाच विसरले होते. म्हणजे, विसरले नव्हते, मी विचारलंच नाही.”

आजींनी बाही वर केली. कोपराजवळ हाड जरा पुढे आल्यासारखं दिसत होतं. “आपटला होता. महिनाभर दुखला. आता थंडीत तेवढा ठणकतो.”

“कोणाला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर बाईंनी तुला कधी पायरी चढू दिली असती का? गरजू दिसलीस. मी म्हटलं, जिन्यात पडले.” त्यांनी माझ्या मांडीवर थोपटलं. “आता बोलायचं नाही कुठे. कोणाला माहीत नाही.”

मला रडू आलं आणि हसूही आलं. “आजी, पुढच्या वेळी असं झालं तर सांगायचं हं.”

“पुढच्या वेळी?” आजींनी डोळे मोठे केले. “म्हणजे परत आपटणार आहेस मला?”

आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडचे आजोबा रागावले. तेवढ्यात आतून बाईंनी हाक मारली. आजींनी माझा हात घट्ट धरला आणि मान हलवून नाही, नाही म्हणाल्या. मी तो हात हळूच सोडवला. आत गेले, तर बाई हसून म्हणाल्या, “या, लायसन्स आणलंत ना?”

“आणलंय,” मी म्हणाले. “पण आधी आजींच्या कोपराचं ऐका.”